अनुशेष, एका पेपरचा

विदर्भाचा अनुशेष नेमका किती, यावर आमच्याकडे पानटपरीवरही तासभर वाद रंगतो. माझा अनुशेष मात्र गुणपत्रिकेवर छापून आला होता. बी.ए. दुसरं वर्ष, विषय संख्याशास्त्र, ८० पैकी २७. पासाला पाच कमी. पोरं त्याला एटीकेटी म्हणतात, ऑफिसातले बाबू बॅकलॉग म्हणतात. पेपरात रोज वाचतो तो 'अनुशेष' शब्द म्हणजे हाच बॅकलॉग, हे सरांनी सांगितलं तेव्हा सगळा वर्ग माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. रडायला घर होतंच.

मी अंगणवाडी सेविका. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटर. बारावी २००३ ची. मग लग्न, दोन लेकरं, आणि २०११ पासून अंगणवाडी. पदवी असली तर मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, परीक्षेला बसता येतं, एवढ्या एका लालचेनं मी २०२२ साली कॉलेजात नाव टाकलं. तालुक्याच्या कॉलेजनं नोकरी-धंद्यातल्या लोकांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता, पावणेसहा ते आठ. अर्थशास्त्र मुख्य, त्याच्यासोबत संख्याशास्त्राचा पेपर. अर्थशास्त्रच का घेतलं, असं खूप जणांनी विचारलं. संध्याकाळी तेवढंच होतं. आवडनिवड दिवसाच्या पोरांना.

सासूबाई म्हणाल्या, "आता कायची शाळा वं? नातू दहावीत गेला." हे काहीच बोलले नाहीत. शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, एवढंच विचारलं. आठ वीसला, म्हटलं. मग पुढची दोन वर्षं पावणेनऊला फाट्यावर यांची मोटारसायकल उभी असायची. पावसाळ्यात यांच्या अंगावर युरियाच्या पोत्याची खोळ, माझ्यासाठी हँडलला अडकवलेली छत्री.

वर्ग भरायचा सायन्सच्या प्रयोगशाळेत, कारण तिथले ट्यूब चालू होते. उंच स्टुलं, पाठ टेकायला जागा नाही, समोर ओट्यावर बेसिन. दिवसभर लेकरांमागे वाकून कंबर धरलेली, वरून ते स्टूल. माझ्या एका बाजूला पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारी बाई, दुसऱ्या बाजूला होमगार्डचा जवान. मागे कृषी केंद्रावर औषधं विकणारा पोरगा, एक ग्रामरोजगार सेवक, एक आशाताई आणि सहा-सात शेतकरी. त्यातले एक काका ५२ वर्षांचे. ते म्हणायचे, "मी पास व्हायले नाही आलो, ऐकाले आलो."

सर तासिका तत्त्वावरचे. म्हणजे तास घेतला तर पैसे, आणि ते पैसेही तीन-चार महिन्यांनी एकदम. संधी खर्च शिकवताना त्यांनी स्वतःचंच उदाहरण घेतलं. एक काम करताना दुसरं जे सोडावं लागतं, त्यातून जे मिळालं असतं, तो संधी खर्च. "मी हा तास सोडला तर दुसरं काहीच मिळत नाही. माझा संधी खर्च शून्य आहे, म्हणून मी तुमच्यासमोर उभा आहे." कोणी हसलं नाही. पिग्मीवाली बाई म्हणाली, "सर, आमचा तसा नाही जी. मी आत्ता बाजारात असते तर आठ खाती झाली असती." सरांनी ते फळ्यावर लिहिलं.

अर्थशास्त्र तसं मला जड गेलं नाही. त्यातलं निम्मं घरात होऊन गेलेलं असतं, नुसतं नाव माहीत नसतं. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आठवत असेल. पुढच्या वर्षी गावानं कापूस विकलाच नाही. आम्हीही नाही. जानेवारीत आठच्या वर भाव होता, पण दहा पाहिलेल्या माणसाला आठ दिसत नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, मधून जायला वाट. मे महिन्यात अंगाला खाज सुटायला लागली, धाकट्याच्या मानेवर पुरळ. कापूस वाळून वजनात घटला ते वेगळंच. जूनमध्ये पेरणीला पैसा पाहिजे म्हणून सातच्या घरात काढला. त्याच आठवड्यात सरांनी कोळिष्टक सिद्धांत शिकवला. शेतकरी मागच्या वर्षीचा भाव बघून यंदाचा पेरा ठरवतो, म्हणून भाव आणि पेरा एकमेकांच्या मागे गोल गोल फिरतात, आणि आलेखावर कोळ्याचं जाळं उमटतं. निकोलस काल्डोरनं १९३४ साली त्याला हे नाव दिलं. मी घरी येऊन यांना वहीतलं जाळं दाखवलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे मार्चमध्ये काहून नाही शिकवलं तुह्या सरानं?"

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, हा सिद्धांत पेऱ्याचा आहे, साठवणीचा नाही. तुमच्या घरात झालं ते वेगळं प्रकरण आहे. असे होते सर. जुळतंय म्हणून जुळवू द्यायचे नाहीत.

एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाचंही तेच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या वर्गात दोन बायका वाढल्या. मी हात वर केला, सर, मागणीची लवचिकता! किंमत निम्मी, मागणी वाढली. सर खूश होतील असं वाटलं. त्यांनी त्या दोघींनाच विचारलं. एक म्हणाली, हो, तिकिटामुळेच. दुसरी म्हणाली, "माह्या पोराची दहावी संपली, म्हणून मोकळी झाली." सर म्हणाले, दोनपैकी एक. आता सांगा लवचिकता किती. मी हात खाली घेतला.

संख्याशास्त्र मात्र घरात होऊन गेलेलं नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं. बारावीला मी गणित सोडलेलं. वर्गमूळ म्हटलं की पोटात गोळा. सरांनी पहिल्या महिन्यात पुस्तक उघडलंच नाही, हजेरीपट उघडला. म्हणाले, वर्गात कधी २२ जण असतात, कधी नऊ. असं का? सगळे एका सुरात, "बाजाराचा दिवस!" सरांनी आठ आठवड्यांची हजेरी फळ्यावर मांडायला लावली. बाजाराच्या मंगळवारी उपस्थिती बरी निघाली, उलट इतर दिवसांपेक्षा थोडी जास्तच, कारण लोक बाजार करून तसेच वर्गात यायचे. मग कमी कधी? एक आठवडा भरलेला, एक रिकामा, एक भरलेला, एक रिकामा. पाच मिनिटं सगळे गप्प बसले. मग ते ५२ वर्षांचे काका म्हणाले, "लाईन."

शेतीची थ्री फेज लाईन. आमच्या फिडरवर एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस संध्याकाळी डोळा लावून घेतो, दहाला उठून हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात रानडुकरासाठी काठी. तो वर्गात काय येणार? सरांनी बिजलीचं वेळापत्रक हजेरीच्या शेजारी लिहिलं आणि सहसंबंध शिकवून टाकला. त्या दिवसापासून रात्रीच्या लाईनमुळे न आलेल्यांसाठी ते तोच पाठ दोनदा घ्यायचे. दुसऱ्या वेळचे पैसे त्यांना मिळाले नसणार.

मग आलं प्रमाण विचलन, आणि त्यात माझं दप्तर.

सरांनी पाच लेकरांची वजनं मागितली. मी सांगितली: ८, ९, १०, ११, १२. सरासरी १०. आता प्रत्येक लेकरू सरासरीपासून किती लांब, ते काढा. उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन. बेरीज करा. शून्य. होमगार्डनं स्टुलावरूनच विचारलं, "सर, शून्यच येते तर मेहनत कायले केली?" सर म्हणाले, हाच प्रश्न पाहिजे होता. उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून त्यांचे वर्ग करा. चार, एक, शून्य, एक, चार. बेरीज १०, भागिले ५, आले २, त्याचं वर्गमूळ १.४१. हे प्रमाण विचलन. दुसऱ्या गावात पाचही लेकरं १० किलोची असतील तर सरासरी तीच, पण विचलन शून्य. इंग्रजीत ह्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, थोडक्यात एसडी.

मी खडबडून जागी झाले. "सर, एसडी? ते मायनस टू एसडी, मायनस थ्री एसडी, ते हेच का?"

बारा वर्षं मी ते शब्द बोलत होते. ट्रेनिंगमध्ये, मीटिंगमध्ये, फोनवर. मायनस टू एसडीच्या खाली मध्यम कमी वजनाचं, मायनस थ्रीच्या खाली तीव्र कमी वजनाचं. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, एसडी, सगळं एका दमात. मुलींचा वृद्धी तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. त्यावरच्या रेषा कुठे हिरव्यातून पिवळ्यात जातात हे मला झोपेत सांगता आलं असतं. पण एसडी हे कशाचं तरी नाव आहे, त्यामागे वजाबाकी, वर्ग आणि वर्गमूळ आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मला तो एखाद्या योजनेचा कोड वाटायचा.

सर म्हणाले, उद्या तो तक्ता घेऊन या, तास तुम्हीच घ्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या खिडकीला दोन पिना लावून मी गुलाबी तक्ता टांगला. दोन वर्षांच्या मुलीची उभी रेघ धरली. मधली रेषा ११.५ किलो. मायनस टू ९.०. मायनस थ्री ८.१. कृषी केंद्रवाल्या पोरानं लगेच धरलं, "ताई, वरच्या बाजूला रेषा लांब लांब आहेत, खाली जवळ जवळ. असं काहून?" मला उत्तर येत नव्हतं. सरांनी आकडे मोजायला लावले. वर प्लस टू १४.८, म्हणजे मधल्या रेषेपासून ३.३ लांब, खाली मायनस टू फक्त २.५ लांब. वजनं दोन्ही बाजूंना सारखी पसरत नाहीत, जास्त वजनाकडे शेपूट लांब असतं. ह्याला विषमता म्हणतात, आणि तो धडा अजून तीन आठवडे लांब होता. पोरगा विचारून बसला म्हणून त्याच दिवशी झाला.

मग काकांनी आडवा प्रश्न टाकला. "ह्या रेषा कोणाच्या लेकरांवरून काढल्या? अमेरिकेच्या असतील. आपलं लेकरू मुळातच बारीक." हे मी गावात शंभरदा ऐकलेलं. सासूबाई तर दर महिन्याला म्हणतात. ह्याचं उत्तर मात्र मला ट्रेनिंगमुळे अर्धं येत होतं, उरलेलं सरांनी पुरवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत लेकरं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली दिल्लीची. जवळपास साडेआठ हजार लेकरं, ज्यांना आईचं दूध मिळालं, ज्यांच्या आया विडी-सिगारेट ओढत नव्हत्या, ज्यांच्या घरी खायला होतं. अशी परिस्थिती मिळाली तर सहाही देशांतली लहान लेकरं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यातून निघालं. काका म्हणाले, "म्हणजे आपलं लेकरू बारीक नाही, आपलं ताट बारीक." पुढे पंधरा दिवस ते वाक्य होमगार्ड सगळ्यांना ऐकवत होता.

सरांनी शेवटी एक हिशेब दिला. सगळं धड असेल तर मायनस टूच्या खाली शंभरात दोन-सव्वादोन लेकरं असायला पाहिजेत. तेवढी असणारच, ते काही आजारपण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१, महाराष्ट्र, पाच वर्षांखालची कमी वजनाची लेकरं: ३६.१ टक्के. दोन आणि छत्तीस, दोनच आकडे फळ्यावर. त्या दिवशी आठ वाजले तरी कोणी उठलं नाही आणि माझी गाडी चुकली. यांना १४ किलोमीटर यावं लागलं.

इथपर्यंत मी वर्गाची लाडकी झाले होते. पुढच्या आठवड्यात उतरले.

सरांनी सांगितलं होतं, आपापल्या कामातले कुठलेही तीस-चाळीस आकडे घेऊन या. पिग्मीवाल्या बाईनं खाती आणली, आशाताईनं बाळंतपणाच्या तारखा. मी २०१९ चं जुनं वजन रजिस्टर नेलं. ३८ लेकरं. वाटलं, सर सरासरी काढायला लावतील. ते रजिस्टर चाळत बसले. मग म्हणाले, "शेवटचा अंक मोजा." म्हणजे? "९.५ मधला पाच, १०.२ मधला दोन. दशांश चिन्हानंतरचा अंक. कुठला किती वेळा आलाय ते मांडा."

मी रेघा मारत गेले. शून्य, पाच, शून्य, शून्य, पाच. ३८ पैकी २९ वजनांच्या शेवटी शून्य किंवा पाच.

सर काही बोलले नाहीत. खरं तर त्यांना बोलायची गरजच नव्हती. दहा अंकांपैकी दोन अंक, म्हणजे ३८ मध्ये सात-आठ वेळा यायला पाहिजेत. २९ वेळा आले. लेकरं अशी अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वाढत नाहीत.

साल्टर काटा ज्यांनी पाहिला असेल त्यांना कळेल. आढ्याला टांगलेला गोल काटा, खाली चड्डीसारखी झोळी, झोळीत बोंबलणारं लेकरू. काटा नऊच्या आसपास नाचतोय. खाली आई म्हणतेय, काढा जी लवकर, घाबरलं ते. मागे अजून वीस बाया, चुलीवर खिचडी. झोळीचं वजन आधी शून्य करायचं असतं, ते सकाळी एकदा केलं तर केलं. मी नऊ लिहिते. काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या बारीक रेघा आहेत, पण हलत्या काट्यात त्या वाचणार कोण? ८.८ चं नऊ झालं तर काय फरक पडतो?

वर मी तुम्हाला दोन वर्षांच्या मुलीची मायनस टू रेषा सांगितली. ९.०. बघा काय फरक पडतो. ८.८ ची मुलगी पिवळी. नऊ लिहिलेली मुलगी हिरवी.

हे सरांनी नाही सांगितलं. एस.टी.त बसल्यावर माझ्याच लक्षात आलं, आणि फाट्यावर उतरेपर्यंत मला घाम फुटला होता. घरी आल्यावर जेवण झाकून ठेवलं आणि चालू वर्षाचे आकडे काढून बसले. आता आमच्याकडे डिजिटल काटा आला होता, आकडा स्वच्छ दिसतो, मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर आहे, वजन टाकलं की रंग तोच सांगतो. तरी ३४ पैकी १९ शेवट शून्य-पाचच. काटा बदलला, हात तोच. शिवाय न आलेली लेकरं. आजोळी गेलेलं, वावरात नेलेलं, झोपलेलं. त्यांच्या मागच्या महिन्याच्या वजनात अंदाजानं थोडं मिळवायचं. पोरगं वाढलंच असेल ना महिन्याभरात! एक महिना रिकामा ठेवला तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतात, म्हणून ही वहिवाट. ही फक्त माझी नाही, पण इथे मी माझंच सांगते आहे.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला धीर दिला, तोही त्यांच्या पद्धतीनं. म्हणाले, जनगणनेतही लोक वय सांगताना शून्य-पाचवरच सांगतात, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. तज्ज्ञांना ते माहीत असतं, त्यासाठी वेगळे निर्देशांक आहेत. मला आमच्या सासूबाई आठवल्या. त्यांचं वय मी लग्न होऊन आले तेव्हा पन्नास होतं, मग बरीच वर्षं पंचावन्न होतं, आता एकदम सत्तर झालं.

मग त्यांनी मोठ्या माणसांची गोष्ट सांगितली. भाताचं, गव्हाचं उत्पादन मोजायला शेतात छोटासा तुकडा कापून वजन करतात, तो पीक कापणी प्रयोग. तो तुकडा केवढा असावा यावर दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचं, प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपले साताऱ्याकडचे पांडुरंग सुखात्मे यांचं, जुंपलं होतं. महालनोबिसांना छोटे गोल तुकडे पुरेसे वाटत, कमी खर्चात जास्त ठिकाणी मोजता येतं. सुखात्मे म्हणत, तुकडा छोटा झाला की कडेवरची रोपं माणूस नकळत आत ओढतो आणि उत्पादन फुगतं. उत्पादन फुगतं म्हटल्यावर मागची शेतकऱ्यांची रांग ताठ झाली. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या कापणी प्रयोगाच्या सरासरीवर ठरते. आकडा फुगला की भरपाई गेली. त्या दिवशी काकांनी त्यांच्या मंडळातल्या कापणीची जी कहाणी सांगितली ती मी इथे लिहीत नाही. पण रोप आत ओढणारा हात मला ओळखीचा वाटला.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी मदतनिसेला सांगितलं, घाई नाही. लेकरू शांत झाल्याशिवाय आकडा नाही, झोळी दर वेळी शून्य, आलं नाही तर घरी जाऊन वजन, घरी नसेल तर रकाना रिकामा. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. तीन लेकरं हिरव्यातून पिवळ्यात आली. त्यातली एक माझ्या चुलत दिराची नात, म्हणजे घरातही बोलणी.

आठ दिवसांत वरून फोन. "तुमच्या केंद्रात एकदम तीन कसे वाढले? आहार वाटता की नाही?" लेखी खुलासा मागितला. मी खुलासा लिहिला, दोन पानी, शेवटच्या अंकाचा तक्ता जोडून. आधीची वजनं चुकली, आत्ताची बरोबर आहेत, असं स्वतःच्या सहीनं लिहायला हात धजत नव्हता. तेव्हा मानधन महिन्याला दहा हजार होतं, तेही गेलं तर? यांनी वाचलं. म्हणाले, "खरं हाय ना? मग टाक." पर्यवेक्षिका मॅडम आल्या, तिन्ही लेकरांची वजनं स्वतः घेतली, दंडघेर घेतला, सही केली, चहा घेतला. गाडीत बसताना म्हणाल्या, "हे शेवटच्या अंकाचं मीटिंगमध्ये काढू नका." त्या वाईट नाहीत. त्यांच्याकडे पंचवीस केंद्रं आहेत.

एवढं सगळं होऊन हिवाळी परीक्षेत मला २७ मार्क. प्रश्न सोपे होते, वेळ पुरला नाही. चतुर्थकं काढताना संचयी वारंवारतेत एक बेरीज चुकली आणि ती चूक मी तीन पानं ओढत नेली. शेजारची कॉलेजची पोरगी चाळीस मिनिटं आधी उठून गेली, ते बघून उरलेलं धैर्यही गेलं. डोकं चालत होतं, बोटं चालत नव्हती. वीस वर्षांत मी एवढा वेळ सलग लिहिलंच नव्हतं, रजिस्टरातले रकाने सोडून.

त्यात ४ डिसेंबरपासून राज्यभर आमचा संप लागला. केंद्राला कुलूप, पुढचे सात-साडेसात आठवडे. यवतमाळच्या धरण्याला जायचं, सतरंजीवर बसायचं. घोषणा थांबल्या की मी पिशवीतून वही काढायचे. चार केंद्रांच्या बाया भोवती जमायच्या. "काय करून रायली वं?" अनुशेष काढून रायली, म्हटलं. मग त्यांना अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचं सांगितलं, सरांनी सांगितलं होतं तसं. १९८३ साली सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने असं एकेक घेऊन राज्याची सरासरी काढली, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात सगळ्या राज्याचा मिळून आकडा निघाला सुमारे ३,१८६ कोटी. आता गंमत बघा, म्हटलं. ही रेषा आपल्या तक्त्यासारखी नाही. आपल्या तक्त्यात धड खाणारं लेकरू कसं वाढतं ते आधी बघितलं आणि मग रेषा मारली. इथे जे आहेत त्यांचीच सरासरी. पुढचे जिल्हे धावले की सरासरी वर सरकते, आणि तुम्ही जागेवर चालत असलात तरी तुमचा खड्डा वाढतो. एक म्हातारी सेविका म्हणाली, "म्हणजे शेजारणीनं फ्रीज घेतला की आपली गरिबी वाढते, तसं." मी ते वहीत लिहून ठेवलं. उन्हाळी परीक्षेत तुलनात्मक दारिद्र्यावर टीप आली तेव्हा फ्रीज न लिहिता तेच लिहिलं.

उन्हाळी परीक्षेत ४६ पडले. सरांना फोन केला तर ते दुसऱ्या जिल्ह्यात होते. नव्या वर्षी त्यांचे तास निघाले नव्हते. एका खासगी कोचिंगमध्ये शिकवतात, स्पर्धा परीक्षेचं. "संधी खर्च वाढला, ताई," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाचं गाडं मात्र अडलं. कॉलेज म्हणतं, संध्याकाळच्या नव्या तुकडीत वीस नावं पाहिजेत, नाहीतर ट्यूब लावणं परवडत नाही. खालची तुकडी नाही तर वरचीही चालवणार नाही. सतरा झाली होती. मग मी आणि आशाताई निघालो, पोलिओचा डोस पाजायला जातो तसंच, घर घर, दारावर खडूची खूण करत. दोन सापडली. एक गिरणीवाला, एक नुकतीच माहेरी परत आलेली पोरगी. तिसरं नाव माझ्याच केंद्रात होतं. आमची मदतनीस, बारावी २००९, माझ्याहून लहान. म्हणाली, ताई, येते, पण गुणपत्रिका पुरात गेली. बोर्ड अमरावतीला. डुप्लिकेटचा अर्ज मी भरून दिलाय, आसन क्रमांक तिला आठवतो, वर्षही आठवतं, फक्त जन्मतारखेत १ जून आहे की १ जुलै यावर तिचं आणि तिच्या आईचं एकमत होत नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी जातो आहोत, अर्ध्या तिकिटात.